संगणक कार्यपटल-नियंत्रण

संगणक कार्यपटल-नियंत्रण : संगणकाच्या पडद्यावर विशिष्ट कामासाठी किंवा वापरकर्त्याच्या आवडीनुसार मांडून ठेवलेली व्यवस्था इतरांकडून बदलली, बिघडवली वा गैरकामासाठी वापरली जाऊ नये, म्हणून योजण्यात येणाऱ्या उपायांना कार्यपटल-नियंत्रण म्हणतात. पडद्यावरील चित्रखुणा, आज्ञांच्या याद्या, पार्श्वचित्र, उपलब्ध आज्ञावली व त्यांची मांडणी या सर्वांचा अंतर्भाव कार्यपटलात होतो. लिहिण्याच्या मेजावर कागद, फाइली व साधने हाताशी ठेवावीत, त्याप्रमाणे ही रचना असल्याने तिला ‘डेस्कटॉप’ हे इंग्रजी नाव पडले व मराठीतही ते रूढ झाले आहे. शाळा, ग्रंथालये, बँका, सायबर कॅफे, प्रदर्शने, रेल्वेस्थानके इ. ठिकाणी एकच यंत्र अनेकांच्या हाती जाते. तेथे अशा नियंत्रणाची गरज विशेषत्वाने भासते.

या विषयात तीन भिन्न गोष्टींचे रक्षण अभिप्रेत असते. पहिली, वापरकर्त्याची खाजगी माहिती. दुसरी, कार्यपटलाची मांडणी. आणि तिसरी, प्रत्यक्ष यंत्र व त्याची गणनशक्ती. पहिलीसाठी परवलीचा शब्द (पासवर्ड), दुसरीसाठी निर्बंधांचे नियम आणि तिसरीसाठी यंत्राला लावलेले कुलूप ही मुख्य साधने होत. तिन्हींचा इतिहास वेगवेगळा असला, तरी तो एकमेकांत गुंतलेला आहे. एका गोष्टीचे रक्षण केल्याने दुसरीचेही झाले, अशी समजूत करून घेतल्यामुळे अनेक व्यवस्था निष्फळ ठरल्याचे या इतिहासावरून दिसून येते.

प्रारंभ : आरंभीच्या संगणकांवर एका वेळी एकच काम चाले व यंत्रापर्यंत फक्त चालकच पोहोचू शके. त्यामुळे खोलीचे दार हेच कुलूप होते. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत फेर्नांदो कॉर्बाटो (१९२६–२०१९) यांच्या नेतृत्वाखाली ‘सीटीएसएस’ ही कालविभाजन प्रणाली तयार झाली व नोव्हेंबर १९६१ मध्ये तिचे प्रात्यक्षिक करण्यात आले. या प्रणालीत अनेक जण दूरमुद्रकांसारख्या यंत्रांवर बसून एकच संगणक एकाच काळात वापरीत. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात आणि ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ कोणी यंत्र वापरू नये, यासाठी प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यात आला. संगणकाच्या इतिहासातील परवलीच्या शब्दाचा हा पहिल्या वापरांपैकी एक मानला जातो.

हे कुलूप फार काळ अभेद्य राहिले नाही. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने आपल्याला मिळणारा वेळ अपुरा पडतो म्हणून छिद्रित पत्राद्वारे परवलीच्या शब्दांची फाइल छापण्याची आज्ञा दिली आणि सर्वांचे शब्द मिळविले. १९६६ मध्ये तर कोणीही हल्ला न करता तीच फाइल जगजाहीर झाली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी संपादन करीत असताना त्यांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली व ‘आजची सूचना’ म्हणून सर्व परवलीचे शब्द प्रत्येक वापरकर्त्यासमोर उमटले. शब्द जसेच्या तसे साठविणे धोक्याचे आहे, हा धडा यातून मिळाला. पुढे ब्रिटनमध्ये केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडम यांनी शब्दाऐवजी त्याचे उलटे न फिरविता येणारे सांकेतिक रूप साठविण्याची पद्धत पुढे आणली. यूनिक्स परिचालन प्रणालीत तिचा अवलंब झाला. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात ३,२८९ परवलीच्या शब्दांची पाहणी दिलेली आहे, त्यांपैकी सु. ८६ टक्के शब्द अतिशय आखूड, शब्दकोशात सापडणारे किंवा सहज ओळखता येण्याजोगे होते. कुलूप कितीही बळकट असले, तरी किल्ली निवडणारा माणूस दुर्बळ दुवा ठरतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

याच काळात संरक्षणाचे तात्त्विक विवेचनही झाले. जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या तत्त्वांपैकी ‘किमान अधिकाराचे तत्त्व’ विशेष महत्त्वाचे ठरले. प्रत्येक वापरकर्त्यास व प्रत्येक आज्ञावलीस आपले काम पुरे करण्यापुरतेच अधिकार असावेत, असे हे तत्त्व सांगते. कार्यपटल-नियंत्रणाच्या पुढील सर्व पद्धती या तत्त्वाच्या कमीअधिक यशस्वी अंमलबजावण्या होत.

मुक्त वापराची परंपरा : नियंत्रणाच्या विरोधी विचारही तितकाच जुना आहे. एमआयटीच्याच कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित झालेल्या ‘आयटीएस’ या प्रणालीत आरंभी परवलीचे शब्द नव्हते. प्रणाली बंद पाडण्यासाठी काही जण युक्त्या शोधीत. म्हणून तिच्या कर्त्यांनी प्रणाली बंद पाडणारी आज्ञाच सर्वांना उपलब्ध करून दिली. जी गोष्ट कोणालाही करता येते, ती करून दाखविण्यात पुरुषार्थ उरत नाही, हा त्यामागील हेतू होता. १९७७ मध्ये त्या संस्थेच्या संगणकविज्ञान प्रयोगशाळेत परवलीच्या शब्दांची पद्धत सुरू झाली, तेव्हा रिचर्ड स्टॉलमन यांनी ते शब्द उलगडले, ज्याचे त्याला कळविले आणि त्याऐवजी कोरा शब्द ठेवण्याची सूचना केली. सुमारे एकपंचमांश वापरकर्त्यांनी ती मानली. तथापि अखेरीस परवलीचे शब्दच टिकून राहिले. यंत्र सर्वांचे असेल, तर त्यावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र या वादाने कायमचा पुढे ठेवला.

वैयक्तिक संगणक व कार्यपटलाचा उदय : अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये तयार झालेल्या ‘आल्टो’ या संगणकात चित्रमय पडदा व माऊस यांचा वापर करण्यात आला. त्याच कंपनीच्या ‘स्टार’ (१९८१) या संगणकावर कागद, कप्पे, मुद्रक इत्यादींच्या चित्रखुणा असलेले कार्यपटल बाजारात आले. ॲपल कंपनीच्या ‘लिसा’ (१९८३) व ‘मॅकिन्टॉश’ (१९८४) या संगणकांनी आणि पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीने ते सर्वतोमुखी केले.

वैयक्तिक संगणकाच्या कल्पनेतच यंत्राचा मालक, प्रशासक व वापरकर्ता एकच असल्याचे गृहीत धरलेले होते. त्यामुळे कालविभाजन प्रणालींनी वीस वर्षांत मिळविलेले संरक्षणाचे ज्ञान या यंत्रांत जवळजवळ उतरलेच नाही. आयबीएम कंपनीच्या वैयक्तिक संगणकावरील (१९८१) ‘डॉस’ प्रणालीला वापरकर्ता ही संकल्पनाच ठाऊक नव्हती. यंत्रासमोर बसणाऱ्यास प्रत्येक फाइल वाचण्याची, बदलण्याची व पुसण्याची मुभा होती. १९८४ च्या ‘पीसी एटी’ या प्रतिमानात कळफलक व पेटी बंद करणारे धातूचे कुलूप बसविण्यात आले. यंत्र सुरू होतानाच परवलीचा शब्द विचारण्याची सोयही पुढे आली. परंतु अनेक यंत्रांत पेटी उघडून आतील लहान विद्युत्‌घट काढल्यास तो शब्द विसरला जाई.

हे संगणक शाळांत व कचेऱ्यांत गेल्यावर मूळ गृहीतक कोसळले. एकाच यंत्रावर सकाळी एक व दुपारी दुसरा वर्ग बसू लागला. एकाने बदललेली रचना दुसऱ्यास अडथळा ठरू लागली. चित्रखुणा पुसणे, पार्श्वचित्र बदलणे, खेळ आणून ठेवणे यांसारख्या निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टींनीही शिक्षकांचा व व्यवस्थापकांचा बराच वेळ खर्ची पडे.

पडद्याचे कुलूप : एकच चित्र दीर्घकाळ राहिल्यास जुन्या नलिकापडद्यांवरील प्रस्फुरकावर त्याचा कायमचा डाग पडे. तो टाळण्यासाठी काही वेळ कळ न दाबल्यास हलते चित्र दाखविणाऱ्या पडदारक्षक आज्ञावली आल्या. त्यांना परवलीच्या शब्दाची जोड मिळाल्यावर त्या कुलपाचेही काम करू लागल्या. यूनिक्सवरील एक्स विंडो प्रणालीसाठी जेमी झविन्स्की यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘एक्सस्क्रीनसेव्हर’ ही अशी एक दीर्घायुषी आज्ञावली होय. विंडोज ३·१ (१९९२) मधील पडदारक्षकासही परवलीचा शब्द देता येई. परंतु यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यास तो अडसर दूर होत असे. मांडणीवर घातलेला पडदा आणि फाइलींचे खरे रक्षण यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटी (१९९३) या प्रणालीने वैयक्तिक संगणकाच्या जगात वापरकर्ता, प्रशासक व फाइलनिहाय अधिकार या जुन्या संकल्पना परत आणल्या. प्रवेशापूर्वी कंट्रोल, आल्ट व डिलीट या तीन कळा एकत्र दाबण्याची तिची रीत सुप्रसिद्ध आहे. या कळांचा संदेश फक्त परिचालन प्रणालीच ग्रहण करू शकते; त्यामुळे प्रवेशाचा खोटा चौकोन दाखवून परवलीचा शब्द चोरणाऱ्या आज्ञावलीस तो अडविता येत नाही. मूळ आयबीएम संगणकात याच कळांनी यंत्र पुन्हा सुरू होत असे.

निर्बंधांचे नियम : कार्यपटलाची मांडणी गोठविण्याचे साधे साधन विंडोज ३·१ मध्ये उपलब्ध होते. प्रोग्रॅम मॅनेजर या मुख्य आज्ञावलीच्या मांडणी-फाइलीत ‘निर्बंध’ या शीर्षकाखाली काही ओळी लिहिल्यास फाइल-यादी नाहीशी करणे, नवी आज्ञावली चालविण्यास मज्जाव करणे, बाहेर पडण्याची वाट बंद करणे, केलेले बदल न साठविणे इ. गोष्टी साध्य होत. चित्रखुणांत किती फेरफार करता यावेत, याच्या ० ते ४ अशा पायऱ्याही होत्या. मात्र ही फाइल साध्या मजकुराची असल्याने ती संपादित करू शकणाऱ्या कोणासही हे निर्बंध उठविता येत.

विंडोज ९५ बरोबर (१९९५) ‘सिस्टम पॉलिसी एडिटर’ हे साधन आले. त्याने तयार केलेली नियमांची फाइल जाळ्यातील मध्यवर्ती संगणकावर ठेवल्यास प्रवेशाच्या वेळी तिच्यातील नियम प्रत्येक यंत्राच्या नोंदवहीत (रजिस्ट्री) उतरत. तथापि, स्वतंत्र यंत्रावर प्रवेशाचा चौकोन एस्केप कळीने टाळता येई. जाळ्याची मान्यता सक्तीची केल्यावाचून नियमांना अर्थ नसे. विंडोज २००० (२०००) मधील ‘ग्रूप पॉलिसी’ या यंत्रणेने ही उणीव मोठ्या प्रमाणावर भरून काढली. तीत विद्यार्थी, लेखनिक, प्रशासक अशा गटांना वेगवेगळे नियम लागू करता येतात आणि नियम साठविलेल्या नोंदी सामान्य वापरकर्त्यास बदलता येत नाहीत. वापरकर्त्याची मांडणी-फाइल सक्तीची केल्यास त्याने दिवसभर केलेले बदल बाहेर पडताच नाहीसे होतात. ही सोय एनटी प्रणालीत त्यापूर्वीच आलेली होती.

या नियमांचे दोन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गातील नियम वस्तू केवळ नजरेआड करतात. उदा., एखाद्या चकतीची चित्रखूण लपविली, तरी अन्य आज्ञावलींतून त्या चकतीपर्यंत पोहोचता येते. तसेच, ‘अमुक आज्ञावलीच चालवाव्यात’ हा जुना नियम फक्त फाइलीचे नाव तपासत असे. म्हणून खेळाच्या फाइलीस लेखन-आज्ञावलीचे नाव दिले की तो चालू होई. दुसऱ्या वर्गातील नियम परिचालन प्रणालीच्या गाभ्याशी जोडलेले असतात. विंडोज एक्सपी (२००१) व विंडोज ७ (२००९) यांतील यंत्रणा आज्ञावलीचा ठसा किंवा तिच्या निर्मात्याची सांकेतिक सही तपासून तिला परवानगी देऊ शकतात. खरे संरक्षण दुसऱ्या वर्गातूनच मिळते. पहिल्याचा उपयोग चुकून होणारे बदल टाळण्यापुरता असतो.

अन्य प्रणाली : ॲपलने १९९० नंतरच्या दशकारंभी मॅकिन्टॉशसाठी ‘ॲट ईझ’ ही आज्ञावली आणली. नेहमीच्या कार्यपटलाऐवजी तीत मोठ्या बटणांचे फलक दिसत व मुलांना शिक्षकाने निवडलेल्या आज्ञावलीच उघडता येत. लिनक्सवरील ‘केडीई’ कार्यपटलाच्या तिसऱ्या आवृत्तीत (२००२) मांडणी-फाइलीतील एखाद्या नोंदीपुढे विशिष्ट खूण केल्यास ती अपरिवर्तनीय होते. ‘नोम’ या दुसऱ्या कार्यपटलाने सक्तीच्या, वापरकर्त्याच्या व मूळच्या अशा तीन थरांची रचना स्वीकारली. सक्तीच्या थरातील पसंती वापरकर्त्याच्या पसंतीवर मात करते. नियम मध्यवर्ती व वाचनीय ठेवणे आणि त्यांची फाइल प्रशासकाच्या मालकीची राखणे, हे या पद्धतींचे वैशिष्ट्य होय. पुढील काळात आयपॅड व आयफोन यांवर ‘गाइडेड ॲक्सेस’ (२०१२), विंडोज ८·१ मध्ये ‘असाइन्ड ॲक्सेस’ (२०१३) व अँड्रॉइड ५·० मध्ये पडद्यावर एकच आज्ञावली खिळविण्याची सोय (२०१४) अशा पद्धती आल्या. त्यांचा वापर विक्रीकेंद्रे, परीक्षाकेंद्रे व प्रदर्शने येथे केला जातो.

पूर्वस्थितीची पद्धत : प्रत्येक गोष्टीस मज्जाव करण्यापेक्षा वापरकर्त्यास हवे ते करू द्यावे आणि यंत्र पुन्हा सुरू होताच सर्व बदल पुसून टाकावेत, हा निराळा विचार होय. कॅनडातील फॅरॉनिक्स कंपनीची ‘डीप फ्रीझ’ ही आज्ञावली याचे ठळक उदाहरण आहे. चकतीवर लिहिला जाणारा मजकूर ती मूळ जागी न लिहिता तात्पुरत्या जागेकडे वळविते व पुढील आरंभी त्याकडे दुर्लक्ष करते. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये दिलेल्या व २००७ मध्ये ‘विंडोज स्टेडीस्टेट’ या नावाने सुधारलेल्या मोफत साधनातही ही सोय होती. ग्रंथालये व शाळा यांत ते लोकप्रिय झाले होते. परंतु २०१० अखेर त्याचे वितरण बंद करण्यात आले. या पद्धतीत विद्यार्थ्यास प्रयोगाचे स्वातंत्र्य मिळते व शिक्षकास दुसऱ्या दिवशी यंत्र पूर्ववत मिळते. मात्र विसरून तेथेच साठविलेले कामही नाहीसे होते आणि यंत्र चालू असेपर्यंत शिरलेला विषाणू आपले काम करीतच राहतो.

भारतातील परिस्थिती : विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. घरी संगणक घेणे अनेकांच्या आवाक्याबाहेर असल्याने पुणे-मुंबईसह सर्वत्र सायबर कॅफे निघाले व सामायिक यंत्रांचा प्रश्न येथे मोठ्या प्रमाणावर निर्माण झाला. एकाने उघडा ठेवलेला पत्रव्यवहार दुसऱ्याच्या नजरेस पडणे, कळांची गुप्त नोंद ठेवणाऱ्या आज्ञावली बसविल्या जाणे, पेन ड्राइव्हमधून विषाणू पसरणे हे त्यातील मुख्य धोके होत. २००८ च्या अखेरीस आढळलेला ‘कॉन्फिकर’ हा कीड-विषाणू पेन ड्राइव्ह लावताच आपोआप चालू होणाऱ्या सोयीचाही फायदा घेत असे. ती सोय मायक्रोसॉफ्टने पुढे मर्यादित केली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या कायद्याखाली केंद्र शासनाने २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी नियम केले. त्यांत वापरकर्त्याची ओळख पटविणे, वापराची नोंद किमान एक वर्ष जपणे, कक्षाच्या आडभिंतींची उंची ४·५ फुटांपेक्षा अधिक नसणे इ. तरतुदी होत्या. येथे नियंत्रणाची भिस्त आज्ञावलीपेक्षा माणसांच्या नजरेवर व नोंदवहीवर ठेवलेली दिसते.

याच्या उलट टोकाचा प्रयोग सुगत मित्रा यांनी जानेवारी १९९९ मध्ये नवी दिल्लीतील कालकाजी येथे केला. झोपडवस्तीला लागून असलेल्या भिंतीत त्यांनी संगणक बसविला. पडदा व माऊसचे काम करणारे साधन एवढेच मुलांच्या हाती येईल, अशी रचना होती. बाकीचे यंत्र भिंतीआड सुरक्षित होते. शिक्षक नसतानाही मुले परस्परांच्या मदतीने संगणक हाताळण्यास शिकली, असे मित्रा यांचे प्रतिपादन आहे. त्यांच्या निष्कर्षांविषयी शिक्षणतज्ज्ञांत मतभेद असले, तरी यंत्राचे रक्षण व वापराचे स्वातंत्र्य या गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे या रचनेतून दिसते.

मर्यादा व मूल्यमापन : कार्यपटलावरील निर्बंध हे त्याखालील थरांइतकेच बळकट असतात. यंत्र बाहेरील चकतीवरून सुरू करता येत असेल, तर आतील परिचालन प्रणालीचे सर्व नियम निरर्थक ठरतात. म्हणून आरंभक्रम निश्चित करणे, मूळ मांडणीस परवलीचा शब्द देणे, चकतीवरील माहिती सांकेतिक रूपात ठेवणे व पेटी कुलूपबंद करणे हे उपाय जोडीने योजावे लागतात. एकाच आज्ञावलीपुरत्या खिळविलेल्या यंत्रांतही मदतीची खिडकी, मुद्रणाचा चौकोन किंवा अपंगांसाठीच्या सोयी यांतून बाहेर पडण्याच्या वाटा वारंवार सापडल्या आहेत. त्या बुजविताना खऱ्या गरजूंच्या सोयी हिरावल्या जाणार नाहीत, याची दक्षता घ्यावी लागते.

अतिनियंत्रणाचे तोटेही लक्षणीय आहेत. अक्षरांचा आकार वाढविता न आल्याने मंददृष्टीच्या व्यक्तीची, तर कळफलकाची भाषा बदलता न आल्याने देवनागरीत लिहिणाऱ्याची अडचण होते. विंडोज व्हिस्टा (२००७) मध्ये प्रत्येक महत्त्वाच्या बदलापूर्वी संमती विचारण्याची पद्धत आली, तेव्हा वारंवारच्या प्रश्नांना कंटाळून अनेक जण न वाचताच संमती देत. गैरसोयीचे नियम लोक टाळतात आणि टाळलेला नियम हा नसलेल्या नियमापेक्षा अधिक घातक असतो. कारण तो सुरक्षिततेचा आभास निर्माण करतो.

यंत्राचा मालक व वापरकर्ता एकच असेल, तर हे निर्बंध त्याने स्वतःला घातलेली शिस्त ठरतात. दोघे भिन्न असतील, तर तो अधिकाराचा प्रश्न बनतो. मालकास आपली मालमत्ता जपण्याचा हक्क असतो. वापरकर्त्यासही आपल्यावर कोणते निर्बंध आहेत व कोणती नोंद ठेवली जाते, हे जाणून घेण्याची अपेक्षा बाळगता येते. ग्रंथालयात ग्रंथ साखळीने बांधून ठेवण्याची रीत मध्ययुगीन यूरोपात होती. ग्रंथ चोरीस जात नसे आणि वाचणाऱ्यास तो वाचताही येई. साखळी मात्र वाचकाच्या मेजापर्यंत पोहोचण्याइतकी लांब ठेवावी लागे. कार्यपटलावरील निर्बंधांची योग्य लांबी ठरविताना हेच प्रमाण उपयुक्त ठरते.